गंभीर रक्तस्राव झालेला अपघातग्रस्त आणि उपचारांची सीमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या बायपासवर, देवास रस्त्यावर किंवा मानपूरच्या बाजूला घाटात मोठा अपघात झाला, की जखमी माणूस बहुधा शहरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात पोचतो आणि त्याच्या मागोमाग घरची माणसे येतात. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बसलेल्या या माणसांना पुढच्या दोन-चार तासांत जे ऐकावे लागते, ते समजून घेण्याची उसंत त्यांना त्या वेळी नसते. मी याच शहरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांतील मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू आले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहीत आहे. एखाद्या विशिष्ट रुग्णाबाबतचा निर्णय त्याच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. तो कोणत्या विचाराने घेतला जावा, एवढेच येथे सांगितले आहे.

उपचार ‘व्यर्थ’ आहे, असे डॉक्टर कधी म्हणू शकतात?

ज्या शारीरिक परिणामासाठी उपचार दिला जातो, तो परिणाम घडवून आणणे त्या उपचाराला शक्यच उरलेले नसते, तेव्हाच. रक्त चढवण्याचा हेतू शरीरातले अभिसरण टिकवणे हा असतो. फुटलेली मोठी रक्तवाहिनी बंद करण्याचा कोणताच मार्ग उरलेला नसेल, किंवा रिकामे झालेले हृदय पुन्हा भरूनही आकुंचन पावत नसेल, तर दहावी पिशवी जे करू शकली नाही ते अकरावीही करू शकणार नाही. हा अर्थ मुद्दामच अरुंद ठेवलेला आहे. २०१५ साली अमेरिका आणि युरोपातील अतिदक्षता क्षेत्राच्या पाच संघटनांनी संयुक्त निवेदन काढून असे सुचवले, की ‘व्यर्थ’ हे विशेषण एवढ्याच अर्थाने वापरावे. जिथे उपचाराचा काही ना काही परिणाम होऊ शकतो, पण तो करणे योग्य आहे का याबद्दल मतभेद आहेत, तिथे ‘संभवतः अनुचित’ असे म्हणावे आणि तो मतभेद चर्चेने, ठरलेल्या पद्धतीने सोडवावा.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रात्री दोन वाजता दमलेल्या माणसांच्या तोंडून चार अगदी वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बाहेर पडतात : वाचण्याची शक्यता कमी आहे, वाचला तरी अपंगत्व राहील, खर्च फार होईल, आणि रक्तपेढीत रक्त नाही. यांपैकी एकही गोष्ट म्हणजे व्यर्थता नव्हे. प्रत्येकीचा विचार करावा लागतो, पण तिच्या स्वतःच्या नावाने.

रक्तस्रावाने माणूस नेमका कशामुळे दगावतो? गेलेले रक्त परत भरले तर तो वाचायला नको का?

साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४.२ लिटर रक्त असते. त्यातले १५ टक्क्यांपर्यंत गेले तर शरीर बहुधा स्वतःच सावरते. ४० टक्क्यांहून अधिक गेले, तर काही मिनिटांत जिवाचा प्रश्न उभा राहतो. गेलेले रक्त तातडीने परत मिळाले आणि गळती थांबली, तर रुग्ण खरोखरच वाचतो, आणि असे रुग्ण रोज वाचत असतात. मात्र मधला वेळ लांबला की रक्ताबरोबर आणखीही काही गमावले जाते.

पेशींना प्राणवायू मिळेनासा झाला की त्या लॅक्टेट नावाचे आम्ल तयार करू लागतात आणि रक्त आम्लधर्मी होते. शरीर थंड पडते. थंड आणि आम्लधर्मी रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे गळती वाढते, गळती वाढली की शरीर आणखी थंड होते. रक्तपिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते; ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठतही नाही व हृदय जोराने आकुंचनही पावत नाही. हे चक्र फार वेळ चालले, तर रक्तवाहिन्यांच्या भिंती आकसण्याची शक्ती गमावतात, हृदयाचा स्नायू शिथिल होतो आणि शरीरात पुरेसे रक्त भरलेले असूनही रक्तदाब वर येत नाही. रक्त ‘भरून’ काढता येते. पण उपासमार झालेल्या पेशी मागे फिरतीलच, याची खात्री देता येत नाही. थांबण्याचा विचार डॉक्टरांच्या मनात येतो तो या टप्प्यावर, त्याआधी नव्हे.

थांबण्याचा विचार करण्यापूर्वी काय काय झालेले असायला हवे?

गळतीचे ठिकाण शोधून ती रोखण्याचा खरा प्रयत्न. हातापायाच्या जखमेवर टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा), मोडलेल्या कटीच्या हाडांभोवती घट्ट पट्टा, पोटात किंवा छातीत रक्त असेल तर शस्त्रक्रिया. ही शस्त्रक्रिया सर्व काही दुरुस्त करण्यासाठी नसते. १९९३ साली अमेरिकी सर्जनांनी ‘डॅमेज कंट्रोल’ हे नाव रूढ केले, तेव्हापासून रीत अशी आहे, की रक्तस्राव थांबवावा, पोटात पॅड भरून ठेवावेत, रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब द्यावी आणि उरलेली दुरुस्ती एक-दोन दिवसांनी करावी.

रक्त देताना नुसत्या लाल पेशी देऊन भागत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉपर या अमेरिकी चाचणीत ६८० रुग्णांचा अभ्यास झाला. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), प्लेटलेट (गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी) आणि लाल पेशी सारख्या प्रमाणात दिल्याने एकूण मृत्यूंत संख्याशास्त्रीय फरक दिसला नाही, पण पहिल्या २४ तासांत निव्वळ रक्तस्रावाने होणारे मृत्यू १४.६ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आले. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी विरघळू न देणारे स्वस्त औषध तर प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असायला हवे. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. या औषधाने मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणातून हेही कळले, की ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच लाभ होतो. उशिरा दिल्यास रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढू शकतो.

कॅल्शियम दिले का, रुग्णाला गरम ठेवले का, चढवले जाणारे रक्त गरम करून दिले का, हे प्रश्न साधे दिसतात. ते विचारले गेले नसतील, तर ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही’ या विधानाला माझ्या दृष्टीने अर्थ नाही. प्रतिसाद कशाला द्यायचा होता, हे आधी पाहिले पाहिजे.

किती पिशव्यांनंतर थांबावे, असा एखादा आकडा ठरलेला आहे का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि तरुण डॉक्टरही तो विचारतात. २४ तासांत लाल पेशींच्या १० किंवा त्याहून अधिक पिशव्या लागल्या, तर त्याला पूर्वापार ‘मोठे रक्तसंक्रमण’ म्हणतात. पण ती व्याख्या आहे, मर्यादा नाही. ज्यांना २० पेक्षा अधिक पिशव्या लागल्या, अशा रुग्णांचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. पिशव्यांची संख्या वाढत जाते तसे मृत्यूचे प्रमाणही वाढत जाते, हे खरे. परंतु ज्या आकड्यापलीकडे कोणीच वाचत नाही, अशी भिंत कुठे दिसत नाही. विसाव्या पिशवीनंतर सर्जनच्या हाती फुटलेली प्लीहा लागली आणि ती काढताच रक्तदाब स्थिरावला, तर एकविसावी पिशवी सर्वांत उपयोगी ठरते.

म्हणून आकड्याचा उपयोग थांबण्यासाठी करू नये, क्षणभर थबकून विचार करण्यासाठी करावा. ठरावीक पिशव्यांनंतर, समजा दर दहानंतर, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढीचे डॉक्टर यांनी एकमेकांना मोठ्याने विचारावे : गळती आपल्या ताब्यात आली आहे का, आणि नसेल तर पुढच्या पंधरा मिनिटांत कोणत्या उपायाने येणार आहे? या प्रश्नाला ठोस उत्तर असेल तोवर रक्त देत राहणे योग्यच आहे.

मग निर्णय कशाच्या आधारे होतो?

एका मोजमापावर नव्हे, तर अनेक मोजमापांच्या दिशेवर. आम्ल-अल्कली संतुलन दाखवणारा पीएच, लॅक्टेट, शरीराचे तापमान, आयनयुक्त कॅल्शियम, रक्त गोठण्याची क्षमता आणि सोनोग्राफीत दिसणारी हृदयाची हालचाल, या गोष्टी पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. येताना लॅक्टेट १४ असलेला आणि तासाभराने ९ वर आलेला रुग्ण गंभीर आहे, तरी तो योग्य दिशेने चालला आहे. येताना ८ आणि सर्व उपायांनंतर १६, तापमान घसरत चाललेले, जखमेच्या प्रत्येक कडेतून पाण्यासारखे रक्त झिरपणारे, हृदयाची हालचाल मंद होत चाललेली, असे चित्र असेल, तर दिशा विपरीत आहे.

अमेरिकेतील काही ट्रॉमा केंद्रांनी (गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांनी) अलीकडे निकषांचे संच सुचवले आहेत. रुग्णालयात येतानाचा अत्यंत कमी रक्तदाब, फार वाढलेले लॅक्टेट, तयार झालेली गुठळी लगेच विरघळून जाणे आणि वाटेत हृदय थांबून पुन्हा सुरू झालेले असणे, यांतील काही गोष्टी एकत्र आल्या तर वाचण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, असे त्यांच्या नोंदींवरून दिसते. हे काम मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे उचलू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. एक तर गुठळीची ताकद काही मिनिटांत मोजणारे यंत्र आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत नसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. एखाद्या लक्षणाचे रुग्ण वाचत नाहीत अशी समजूत झाली, की त्या रुग्णांवरचे उपचार लवकर थांबतात; ते लवकर थांबले की रुग्ण दगावतात; आणि पुढच्या अभ्यासात त्याच मृत्यूंचा पुरावा म्हणून वापर होतो. निकष वाचणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, की त्या रुग्णांपैकी किती जणांवर शेवटपर्यंत पूर्ण उपचार झाले होते.

हृदय बंद पडलेल्या अवस्थेत रुग्ण आणला, तर प्रयत्न करण्यात अर्थ असतो का?

असतो, जर कारण दुरुस्त होण्यासारखे असेल आणि फार वेळ गेलेला नसेल. अपघातानंतर हृदय थांबण्याची चार कारणे झटपट दूर करता येतात : रक्ताची कमतरता, प्राणवायूची कमतरता, छातीत दाबून साठलेली हवा, आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेले रक्त. नुसती छाती दाबत राहण्यापेक्षा ही चार कारणे दूर करणे अधिक महत्त्वाचे असते, कारण रिकामे हृदय कितीही दाबले तरी त्यातून काही पुढे जात नाही.

वेळेबाबत एक बऱ्यापैकी मान्य असलेली रेषा आहे. अमेरिकेतील वेस्टर्न ट्रॉमा असोसिएशनच्या २०१२ च्या मार्गदर्शनानुसार, बोथट मार लागलेल्या रुग्णात जीवनाची कोणतीही खूण नसताना १० मिनिटांहून अधिक काळ छाती दाबली गेली असेल, किंवा छाती-पोटात सुरा वा गोळी लागलेल्या रुग्णात १५ मिनिटांहून अधिक, तर छाती उघडून प्रयत्न करण्यात यश येत नाही. जीवनाच्या खुणा म्हणजे बाहुल्यांची हालचाल, स्वतःहून घेतलेला श्वास, मानेतली नाडी, अवयवांची हालचाल. मनमाडहून किंवा खंडव्याहून नव्हे, तर शहरातल्याच पलासिया चौकातून आणताना रहदारीत दहा मिनिटे सहज जातात. म्हणून रुग्ण शेवटचा कधी हलला किंवा बोलला, हे सोबतच्या माणसाने सांगितले तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

डोक्यालाही मार असेल आणि बाहुल्या विस्फारलेल्या असतील तर?

रक्तदाब अगदी खाली असताना बाहुल्यांवरून मेंदूबद्दल निष्कर्ष काढू नये. मेंदूला रक्तच पोचत नसेल तर बाहुल्या स्थिर आणि मोठ्या होऊ शकतात, आणि रक्तदाब वर आल्यावर त्या पुन्हा प्रतिसाद देतात. म्हणून आधी अभिसरण, मग सीटी स्कॅन, मग मेंदूचा विचार. नुसत्या मेंदूच्या दुखापतीत भवितव्य ठरवण्यासाठी पहिले दोन-तीन दिवस थांबावे, हा सर्वसाधारण संकेत आहे, आणि तो पाळला जावा.

आजोबांचे वय ८० आहे. वयामुळे प्रयत्न कमी केले जातात का?

निव्वळ वयामुळे केले जाऊ नयेत. वृद्ध शरीराची राखीव ताकद कमी असते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्यांचे मृत्यूचे प्रमाण अधिक असते. पण रोज सकाळी फिरायला जाणारे ८० वर्षांचे आजोबा आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले ६५ वर्षांचे गृहस्थ यांच्यात वयाचा आकडा फारसे काही सांगत नाही. चालू औषधांची चिठ्ठी मात्र लगेच दाखवावी, कारण काही औषधांचा परिणाम उलटवता येतो.

रक्तपेढीत रक्त कमी असेल, तर ‘आता उपयोग नाही’ असे सांगून थांबवले जाते का?

असे सांगितले जाऊ नये. या पानावरचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे म्हणणे हेच आहे. टंचाई आणि व्यर्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला रक्ताचा उपयोग होणार नाही, हे वैद्यकीय विधान झाले. रुग्णाला उपयोग झाला असता, पण तेवढे रक्त आपल्याजवळ नाही किंवा त्याच वेळी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या दुसऱ्या बाईलाही ते हवे आहे, हे वाटपाचे विधान झाले. दुसऱ्याला पहिल्याचे रूप दिले, तर कुटुंबाला खोटे सांगितले जाते आणि रुग्णालयाला आपली उणीव कधी दिसतच नाही.

टंचाई ही केवळ आपली अडचण नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने प्रथमच राष्ट्रव्यापी रक्तसंकट जाहीर केले आणि त्या सुमारास तिकडेही या प्रश्नावर उघड चर्चा सुरू झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, शिबिरे कमी होतात, आणि नेमक्या त्याच लग्नसराईत रस्ते भरलेले असतात. प्लेटलेट तर फक्त पाच दिवस टिकतात. अशा वेळी कोणाला किती द्यायचे, याचे नियम आधी, शांतपणे, लेखी ठरलेले असावेत आणि ते ठरवणाऱ्यांत रक्तपेढीचे डॉक्टर असावेत. टेबलावरच्या रुग्णाच्या डॉक्टरने एकट्याने, ऐन वेळी, दुसऱ्या रुग्णासाठी आपल्या रुग्णाचे रक्त थांबवावे, अशी वेळ त्याच्यावर आणणे अन्यायाचे आहे.

आम्ही दहा जण रक्त द्यायला उभे आहोत. ते लगेच का वापरत नाहीत?

कारण दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करावी लागते, आणि तिचे घटक वेगळे करावे लागतात. त्याला काही तास लागतात, आणि वेगाने रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाजवळ तेवढे तास नसतात. त्याला आज जे रक्त मिळते, ते काही दिवसांपूर्वी एखाद्या अनोळखी माणसाने शिबिरात दिलेले असते. तुमचे रक्त साठ्यात गेलेली पिशवी भरून काढते आणि म्हणून ते जरूर द्यावे; फक्त ‘आमचे रक्त घेतले असते तर वाचला असता’ ही खंत मनात बाळगू नये.

थांबण्याचा निर्णय कोण घेतो?

एकट्या डॉक्टरने घेऊ नये. उपचार करणारे वरिष्ठ सर्जन आणि वरिष्ठ भूलतज्ज्ञ यांचे एकमत असावे, आणि शक्य असेल तर उपचारात थेट सहभागी नसलेल्या एका वरिष्ठ डॉक्टरला फोनवर का होईना विचारावे. निवासी डॉक्टर रात्री एकटा असेल, तर वरिष्ठाला उठवणे हे त्याचे काम आहे आणि उठणे हे वरिष्ठाचे. परिचारिकांचे मतही विचारावे. चढवलेल्या प्रत्येक पिशवीचा हिशेब त्यांच्याजवळ असतो.

एकमत नसेल तर उपचार चालू राहावेत. शंका असेल तिथे कौल प्रयत्नांच्या बाजूने.

याबाबत भारतातला कायदा काय सांगतो?

१९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवण्याचा प्रयत्न करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ नयेत. म्हणजे सुरुवात करण्याचे बंधन निर्विवाद आहे.

थांबण्याबाबत २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाचा नेहमी उल्लेख होतो. सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत आहे, असे मान्य करून न्यायालयाने जीवरक्षक उपचार काढून घेण्याची पद्धत घालून दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुटसुटीत केली. आता उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे दुसरे मंडळ, अशी रचना आहे आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. अतिदक्षता विभागात अनेक दिवस कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णासाठी ही पद्धत आहे. रक्तस्राव थांबत नसलेल्या, शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी ४८ तासांच्या मंडळाला अर्थ नसतो; तिथे प्रयत्न अपयशी ठरल्याची वैद्यकीय नोंद करून ते थांबवले जातात. हृदय-पुनरुज्जीवन कधी करू नये, याबद्दल भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

पैशाअभावी उपचार थांबतील का?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च नेमलेल्या रुग्णालयात दिला जातो. दाखल करतानाच तिची चौकशी करावी.

‘तुम्ही सगळे करा, थांबू नका’ असे आम्ही सांगितले, तर डॉक्टर ऐकतील का?

उपचार वर दिलेल्या अरुंद अर्थाने व्यर्थ ठरला असेल, तर तो चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर नसते. पण तसे शांतपणे, थांबण्यापूर्वी सांगण्याचे बंधन असते. आणि कुटुंबाला ‘थांबवू का?’ असे विचारून सही मागणे मला साफ चुकीचे वाटते. जे वैद्यकीय सत्य आहे त्याचा भार डॉक्टरांनी स्वतःच्या खांद्यावर घ्यावा. आईच्या हातात पेन देऊन तो तिच्यावर टाकू नये. आयुष्यभर तिला वाटत राहते, की आपण सही केली म्हणून मुलगा गेला.

जिथे प्रश्न मूल्यांचा असतो, म्हणजे जीव वाचेल पण दोन्ही पाय जातील किंवा अनेक महिने कृत्रिम श्वासावर राहावे लागेल, तिथे मात्र रुग्णाची इच्छा काय असती हे घरच्यांनीच सांगायचे असते. तिथे डॉक्टरांनी विचारायचे आणि ऐकायचे.

बोलणे कसे असावे, याचा एक नमुना देते. “काका, तुमच्या मुलाच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फाटली आहे. दोन सर्जन दीड तासापासून ती शिवण्याचा प्रयत्न करत आहेत. आम्ही रक्त देतो आहोत, पण त्याचे हृदय आता त्या रक्ताला साथ देत नाही. तो वाचेल असे आम्हाला वाटत नाही. पुढच्या थोड्या वेळात त्याचे हृदय थांबेल. तुम्हाला त्याच्याजवळ यायचे आहे का?” यात आकडेवारी नाही आणि खोटी आशाही नाही. रुग्णालयात बोलणे बहुधा हिंदीत होते. घरातल्या वयस्कर माणसांना मराठीत समजावून सांगणारे कोणी आहे का, हे आवर्जून विचारावे. इंदूरच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात मराठी बोलणारी एखादी सिस्टर नक्की सापडते.

आम्हाला आत येऊ देतात का?

अतिदक्षता विभागात आणि आपत्कालीन कक्षात येऊ द्यावे, असे माझे मत आहे. सोबत सगळे समजावून सांगणारा एक कर्मचारी असावा. शस्त्रक्रियागृहात ते सहसा शक्य नसते. त्यामुळेच, वेळ असेल तर रुग्णाला शेवटी बाहेर, अतिदक्षता विभागात आणण्याचा प्रयत्न केला जातो.

रक्त देणे थांबवले, म्हणजे सगळेच थांबवले का?

नाही. वेदना आणि घुसमट होऊ नये यासाठीची औषधे चालू राहतात, भूल दिलेली असेल तर ती काढून घेतली जात नाही, अंगावर पांघरूण घातले जाते, चेहरा स्वच्छ केला जातो. ही कामे उपचारांइतक्याच काळजीने झाली पाहिजेत.

अवयवदान शक्य असते का?

रक्तस्रावाने हृदय थांबून मृत्यू झाला, तर नेत्रदान शक्य असते. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे दान प्रामुख्याने मस्तिष्क-स्तंभ मृत्यूनंतर, म्हणजे मेंदू कायमचा निकामी झाला पण हृदय यंत्रांच्या आधाराने चालू असताना, होते. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावा लागतो. इंदूरमध्ये यासाठी अनेकदा ग्रीन कॉरिडॉर (अवयव वेगाने नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) झाले आहेत आणि शहराला त्याची सवय आहे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली जावी : उपचार थांबवण्याचा निर्णय पूर्ण होईपर्यंत दानाचा विषय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी काढू नये.

शवविच्छेदन टाळता येते का?

अपघाती मृत्यूत बहुधा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस पंचनामा करतात. शवविच्छेदनाचा अहवाल पुढे विमा आणि मोटार अपघात दाव्यासाठी लागतो, म्हणून त्याला विरोध करण्यात कुटुंबाचेच नुकसान असते.

सर्व काही नीट झाले का, हे आम्हाला नंतर कळू शकते का?

होय, आणि विचारण्यात संकोच करू नये. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. त्यांत वेळांच्या नोंदी पाहाव्यात : रुग्ण कधी पोचला, पहिली पिशवी कधी लागली, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड कधी दिले, शस्त्रक्रिया कधी सुरू झाली, वरिष्ठ डॉक्टर कधी आले, थांबण्याचा निर्णय किती वाजता झाला आणि त्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत. यातले काही समजले नाही, तर उपचार करणाऱ्या सर्जनची वेळ मागून घ्यावी आणि प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर गेलेले बरे. त्याआधी उत्तरे कानावर पडतात, पण मनात उतरत नाहीत. त्या भेटीला घरातले दोघे जण जावेत, आणि एकाने लिहून घ्यावे.